बंद तंबूतलं ऊन

इराण, डोंगरातला तळ
ता. ११ फेब्रुवारी १९४३

तीर्थरूप राजाआक्का हिस,

रवळूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी हातीपायी धड आहे. तू आणि पोर खुशाल असाल अशी आशा करतो. दर पत्रात तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहायची सवय, आताही हात तिकडंच गेला आणि थांबला. त्याच्या जागी दुसरं काही लिहवलं नाही.

इथं बर्फ अजून आहे. सुपातून कोंडा उडावा तसा तो पडतो, आवाज म्हणून नाही. सकाळी तंबू, खेचरं, वाट सगळं एकच पांढरं होऊन जातं. मेंढरांचे कळप जातात तेव्हा नुसत्या घंटा ऐकू येतात, मेंढरू एक दिसत नाही. कधी कधी वाटतं, आपण अजून जागेच झालो नाही.

हे पत्र शामूच्या हाती पाठवतोय. तो आपल्या नंदगडचाच. बर्फानं पायाची दोन बोटं गेली म्हणून त्याला घरी सोडलंय. पत्र तोच वाचून दाखवील, मास्तरांकडं नेऊ नकोस. शामूला सगळं ठाऊक आहे.

तुझं पत्र पोचून महिना झाला. तू विचारलंस, दाजी कसे गेले, तू जवळ होतास का, काही बोलले का. मी तुला 'थंडीनं गेले' एवढंच कळवलं होतं. आक्का, ते खरं नव्हतं.

इथं कडाक्याच्या थंडीत कोळशाच्या शेगड्या मिळतात. पण हुकूम असा की शेगडी तंबूबाहेर ठेवायची, आत न्यायची नाही, आणि तंबूचं दार वीतभर तरी उघडं ठेवायचं. डॉक्टरांनी समजावलं होतं, कोळशातून एक वायू निघतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपतो तो उठत नाही. आमच्यातल्या कुणाला ते पटलं नव्हतं. आपलं सारं आयुष्य चुलीपुढं गेलेलं. पण आपल्या घराला कौलं, फटी शंभर. तंबू गच्च असतो. आमच्या रांगेतले बारा तंबू बघायचं काम माझ्याकडं होतं, मी नाईक म्हणून.

डिसेंबरातली गोष्ट. दाजी सकाळी पुलावरचा पहारा करून आले, बोटं निळी पडलेली. मला म्हणाले, "रवळू, घडीभर शेगडी आत घे रं."

मी म्हटलं, "दाजी, हुकूम न्हाय."

"तू बस की हितंच. तू असताना काय हुतंय?"

मला त्यांची बोटं बघवेनात. शेगडी मीच उचलून आत आणली. वारा बर्फ आत आणू लागला तेव्हा उठून दाराच्या दोऱ्याही मीच बांधल्या. म्हटलं, थोडा वेळ.

आत लई ऊब आली. दाजी आडवे झाले. मला विचारलं, "आत्ता घरी काय चाललं असंल?" मी म्हटलं, "मळणी." ते म्हणाले, "व्हय, तुझी आक्का खळ्यावर असंल." मग डोळे मिटून हसले. "ऊन लागतंय रं," म्हणाले. तेवढंच. पुढं बोलले नाहीत.

मला वाटलं, झोपलेत. मग मलाही दिसू लागलं. मलप्रभेचं पाणी, पलीकडं भाताच्या उडव्या, तू डोक्यावर टोपली घेऊन येतेस आणि दाजी बैलांना हाकतायत. उठायला हवं हे कळत होतं, पण उठावं असं वाटत नव्हतं. इतकं सुख मला जागेपणी कधी मिळालं नाही. हे तुला सांगायची लाज वाटते. पण त्यांना त्रास झाला नाही, हे मी स्वतः तिथवर जाऊन आलोय म्हणून सांगतो.

शामू जेवायला बोलवायला आला. दोऱ्या सुटेनात म्हणून त्यानं सुरीनं कापल्या. मी दाराशी होतो, म्हणून आधी मला ओढलं. बर्फात पडल्यावर मला श्वास आला. दाजींना आला नाही.

आता याहून वाईट ते लिहितो. सुभेदारांनी विचारलं, शेगडी आत कुणी आणली? मी गप्प बसलो. त्यांनी दाजींचं नाव घालून कागदावर लिहिलं की भरमानं हुकूम मोडून स्वतः आणली, रवळू त्याला बाहेर काढायला गेला. मी मान हलवली. गेलेल्या माणसावर दोष टाकून दोन महिने जगलो. दोऱ्या आतून बांधलेल्या शामूनं बघितल्या होत्या. त्यानं चहाडी केली नाही, पण माझ्या पंगतीला बसायचा थांबला.

काल सुभेदारांपुढं उभा राहून सगळं सांगितलं. तो कागद बदलला, दाजींचं नाव साफ झालं. माझी नाइकी गेली, ते बरंच झालं. तंबू बघायचं काम तेवढं माझ्याकडं राहू द्या म्हणून हात जोडले, आणि त्यांनी राहू दिलं. दाजी गेल्यापासून दिवसातून चार वेळा फिरतो. शेगड्या बाहेर काढतो, दोऱ्या सोडतो. पोरं शिव्या देतात, 'आला थंडी घेऊन' म्हणतात. देऊ देत. सकाळी बाराही तंबूंतून खोकल्याचे आवाज येतात, तेव्हा कुठं मी चहाला तोंड लावतो.

मला उन्हाळ्यात रजा मिळेल. ये म्हणालीस तर थेट तुझ्या दारात येईन, जे बोलायचं ते समोर बोल. नको म्हणालीस तर बेळगावच्या छावणीतच दिवस काढून परत जाईन, गावाकडं फिरकणार नाही. शामूला सांग, तो दोन ओळीत कळवील.

पोराला जवळ घे. मोठा झाल्यावर त्याला खरं तेच सांग.

तू म्हणू देशील तर तुझा भाऊ,
शिपाई रवळू