मागे बसणारी आत्या

९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. पत्राची सुरुवात खुशालीने करावी हे तूच शिकवलंस, तेव्हा इकडे सगळे खुशाल. बाबा दिवसभर कुंड्यांत डोकं खुपसून असतात आणि आई त्यांच्यावर वैतागते. चष्म्याच्या दुकानात माझंही बरं चाललंय. सकाळी बोटं वळत नाहीत, एवढंच. काडीचा स्क्रू हातातून निसटला की मालक म्हणतात, "आता हा शोधायला आणखी एक चष्मा लागणार."

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई मला इंजेक्शन सुरू करणार आहेत. माझ्या आजारात शरीराचा पहारेकरी, म्हणजे प्रतिकारशक्ती, घरच्याच माणसांना झोडपत सुटतो, म्हणून औषधाने त्याला गुंगी द्यायची. त्याआधी त्यांनी रक्त तपासलं आणि विचारलं, घरात कुणाला क्षय झाला होता का? माझ्या आधी आईच बोलली, की छे, आमच्याकडे तसलं काही नाही. मी मान डोलावली. तपासणी मात्र उलट आली. तो जंतू माझ्यात झोपलेला आहे. छातीचा फोटो स्वच्छ आहे, माझ्यापासून कुणाला काही लागायचं नाही. पण पहारेकरी गुंगला की हा उठू शकतो. म्हणून आधी याच्यावरच्या गोळ्या, मग इंजेक्शन.

तेव्हापासून मला सारखी तुझी खोली दिसते. शाळेत जायच्या आधी तूच मला शिकवलंस, पण समोर कधी बसली नाहीस. मागून हात पुढे घेऊन माझं बोट धरून अक्षरं गिरवायचीस, पाढे म्हणताना तोंड खिडकीकडे. शिकवणं असंच असतं, असं मला वाटायचं. दुकानातल्या नव्या मुलीला मीही मागे उभी राहून शिकवते. ती म्हणते, "ताई, मानगुटीवर भूत बसल्यासारखं वाटतं." तुझा पेलाही वेगळा असायचा. आत्याला दमा आहे, इतकंच आम्हाला ठाऊक.

आत्या, तो दमा नव्हता ना?

मी रागावलेली नाही. जंतू कुणाकडून आला ते रक्तात लिहिलेलं नसतं, बसमधूनही आला असेल. आईला विचारलं तर ती ओट्याकडे वळली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं त्यापायी."

तेव्हा कोणती औषधं घेतलीस, पुरी केलीस की मध्येच सोडलीस, हे कळलं तर माझ्या गोळ्या ठरवायला मदत होईल. पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

परवा फोनवर सांगत होतीस, नव्या डॉक्टरांनी गुडघ्यांवर अशी गोळी दिली की जिना भराभर चढलीस. तिचं नाव सांगून मी इकडे डॉक्टरीणबाईंना विचारलं. तीही पहारेकऱ्याला गुंगी देणारीच आहे. आणि बोलता बोलता तू खोकत होतीस. "जरा खवखवतंय," म्हणालीस. त्या डॉक्टरांनाही तू दमाच सांगितला असशील.

गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस, त्यानेही अपाय होतो. पत्र मिळताच त्यांच्याकडे जा आणि त्या जुन्या आजाराचं खरं नाव सांग. छातीचा फोटो काढून घे. एकटीने सांगवत नसेल तर मी रविवारी येते आणि सोमवारी तुझ्याबरोबर त्यांच्याकडे जाते. फोनवर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिलं.

खिडकी उघडी ठेवू, मी मास्क लावीन. पण या खेपेला समोर बस.

तुझा चेहरा अजून नीट न पाहिलेली,
तुझी पहिली विद्यार्थिनी