मुरूम लागेस्तोवर

धावडा, चैत्र वद्य ५, शके १८५९

चि. बद्रीनाथ यास थोरला भाऊ रखमाजीचे अनेक आशीर्वाद. मस्तगडात सारी खुशाल असाल.

द्वारकेला सासरच्यांनी गाडीत घालून आणून सोडलं. तुझ्या ओळखीच्या डाक्टरानं क्षय सांगितला, तुला ठाऊकच आहे. निराळी, हवेवर ठेवा म्हणाला. म्हणून परसात लेकीपुरती खोली करून राह्यलो. पण जमीन काळी; उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती. कचरू गवंडी म्हणतो, मुरूम लागेस्तोवर खांदून दगडी पाया भरू. सूनबाई म्हणती, लाकडाच्या मेढी रोवा अन् मोकळे व्हा. तू शहरात इमारती बघतोस, तूच सांग.

पोरगी लहानपणी माझ्या मांडीवर शाळेतल्या आर्या एका दमात म्हणायची. आता एका चरणात दोनदा थांबती. लोभ असू दे, उत्तर जल्दी धाड.

मस्तगड, जालना, चैत्र वद्य १२

ती. दादांच्या पायी बद्रीनाथाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

दादा, मेढीच रोवा. सहा मेढी, तुराट्यांचा कूड, वर गवत. चार दिवसांचं काम. दगडी पाया म्हणजे दोन महिने. त्यात तुम्ही शेजारी बसलात की कचरू कुदळ टाकून तुमच्या तोंडच्या आर्याच ऐकत बसेल.

लिहवत न्हाई, पण डाक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, पोळा पाहील न पाहील. तिला पाया कशाला लागतो? तोवर ती माजघरात आपल्या सोनीशेजारी निजणार. सहा वर्षांची नात आहे तुमची. न्हाई तर सोनीला तरी आमच्याकडं धाडा. धाकट्यावर रागावू नये, माया आहे तशीच ठेवावी.

धावडा, वैशाख शुद्ध ९

चि. बद्रीनाथास आशीर्वाद.

रागावलो न्हाई. तुझं बराबर आहे. मेढी तोडायला निघाल्तो. पण कचरूनं आधीच परसात चुन्याची रेघ मारल्ती. द्वारका मागच्या दाराशी बाजेवर होती. तिनं विचारलं, किती खोल खांदणार. कचरू बोलून गेला, तुझ्या नातवंडांना पुरेल इतकं. पोरगी हसली. त्या दिवशी अर्धी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, खिडकी शाळेच्या अंगाला ठेवा, पोरांचे श्लोक ऐकू येतील. आता तिच्या डोळ्यांदेखत मेढी कशा आणू? बापानं आपले किती दिवस उरलेले धरलेत, ते तिला कळंल.

सोनीला तुझ्याकडं धाडायचं काढलं, तर द्वारका दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडली. मंग सोनीची बाज ओसरीवर काढली. तरी पोर उठून आत्याच्या कुशीत जाती. मुरूम अजून लागला न्हाई. तुझी माया कळती, ती कमी होऊ देऊ नको.

धावडा, ज्येष्ठ वद्य ३

चि. बद्रीनाथास आशीर्वाद.

द्वारकेच्या दहाव्याला तू आल्तास, तेव्हा सोनी खोकत होती. तू माझ्याकडं बघितलंस. काल तुझाच डाक्टर इकडं आल्ता, त्याला तिला दाखवली. तेच निघालं.

जोतं पुरं आहे. दोन पाऊस झाले, बिलकुल हललं न्हाई. भिंतींची वाट बघत न्हाई. पत्रे अन् तट्टे गाडीत घालून धाड. सूनबाई माझ्याशी बोलत न्हाई.

सोनी मात्र खुशीत आहे. सकाळपासून बाहुल्या जोत्यावर नेऊन मांडती, चूल कुठं घालायची ते कचरूला दाखवती. गल्लीतल्या पोरींना सांगत हिंडती की आजोबांनी घर मला बांधलं.

माझ्यावर लोभ उरला असेल, तेवढा त्या पोरीवर ठेव.

रखमाजी