गोठ्यातली गव्हाण

२४ डिसेंबर, संध्याकाळ

येशूबाळासाठी दरवर्षी आमच्याच गोठ्यातली लाकडी गव्हाण चर्चमध्ये नेतात. यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, दिवाळीनंतर बाबांनी बैल विकले. न्यायला आलेल्यांना आई म्हणाली, "घिऊन जा, रिकामीच हाय."

चर्चमध्ये नाताळचं कॅरोल सुरू झालं. गव्हाण म्हणजे देवाची नम्रता, असं पाळकसाहेब सांगतात. मला मात्र तिचा काठच दिसत होता, सर्जा बैलाच्या मानेनं घासून गुळगुळीत झालेला. लाकडाकडे पाहून एवढं कायले रडू यावं?

तेवढ्यात बाबा उठले. एक हात त्या काठावर ठेवून दुसऱ्यानं मूर्तीखालच्या गवतातले काटे वेचू लागले, सर्जासाठी वेचायचे तसे. मी त्यांना आणायला निघाले, तर पाळकसाहेब हळूच म्हणाले, "राहू दे बाई, प्रार्थना करून राह्यले."