माणसानं वाचायची मेल

चि. सायली,

मेलना उत्तरं देणारी तुझी ती पायथनची स्क्रिप्ट अजून ठणठणीत चालते. पूजेच्या चौकशा येतात, त्यांच्यासोबत लॉटरीच्या थापाही येतात. स्क्रिप्ट त्या थापा बाजूला काढते आणि उरलेल्यांना तारखा, दक्षिणा कळवते. त्र्यंबकातले बाकीचे उपाध्ये विचारतात, कुणाकडून करून घेतलंत? मी सांगतो, आमच्या सायलीनं दिवाळीच्या सुट्टीत बसून केलंय.

एकदाच ती चुकली. आई वारल्याचं कळवणाऱ्या एका गृहस्थांना दक्षिणेचं पत्रक गेलं. तू त्याच दुपारी नवा नियम घातलास. मराठीत किंवा इंग्रजीत मृत्यूचा शब्द दिसला की उत्तर पाठवायचं नाही, मेल वेगळ्या कप्प्यात ठेवायची. म्हणालीस, "दादा, मशीनला सुतक कळत नाही. या मेल्स माणसानं वाचायच्या आणि लगेच फोन करायचा." इतकी वर्षं पोथ्या वाचून मला हे सुचलं नव्हतं.

सकाळी तुला मेल लिहिली. फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. आपले आबा पहाटे गेले, हे मराठीत लिहायला हात उठेना, म्हणून इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. नीट वाटतात का बघायला आधी आपल्याच पूजेच्या पत्त्यावर पाठवल्या. तुझ्या स्क्रिप्टनं त्या उचलून त्या कप्प्यात ठेवल्या.

बाहेर माणसं जमली आहेत. तू पुण्याहून पोचेपर्यंत आबांना हलवणार नाही.

हे पत्र पाठवत नाही. फोन लावतोय, उचल बाळा.

तुझा दादा