नाव घेतलं तेवढंच

३ फेब्रुवारी, सोमवार
शहाद्याला आले. आमच्या मोलगीच्या जीपने हाडं खिळखिळी केली, पण नातीचं घर झकास. नळाला पाणी, गच्चीवर ऊन. सोनमने वही दिली. म्हणाली, आजी, चौथी शिकलीस ना, मग लिही. म्हातारा डोळ्याच्या ऑपरेशनला आलाय आणि आल्यापासून चहाच मागतोय.

५ फेब्रुवारी, बुधवार
सोनमचं काम विचारलं. शेकडो जणांचं काम म्हणे कॉम्प्युटरच्या एका कोठारात असतं. सगळं ओढत बसण्यापेक्षा हवा तेवढाच भाग मागवायचा. मागवताना कोणते शब्द टाईप करायचे, ते ही ठरवते. याचा पगार मिळतो! मलाच विचारलं, ज्याचं नाव घेतलं नाही त्याचं काय करू? मागून दुसरं नाव घेतलं तर आधीचं ठेवू? मी म्हटलं, ऊसतोडीला निघताना मी नाव घेईन तेवढंच ट्रकमध्ये चढतं. बाकी खाली. नव्याने सांगितलं की आधीचं रद्द. पोरगी खूश. तसंच केलं तिने.

८ फेब्रुवारी, शनिवार
चाचणीसाठी तिने घरातल्या माणसा-वस्तूंचे फोटो कोठारात टाकले. काय हवं ते सांग म्हणाली. मी सांगितलं: मी, सोनम, शेगडी, पातेलं, खाट. म्हाताऱ्याचं नाव कसं घेणार? लग्न झाल्यापासून घेतलेलं नाही. तो खाटेवर बसलेला, त्याच्याकडे नुसती मान हलवली. सोनमचे डोळे पडद्यात, तिला काय दिसतंय कपाळ!
तिने बटण दाबलं. खाट रिकामी.

९ फेब्रुवारी
सोनम म्हणते, हरवलं काहीच नाही, कोठारात सुखरूप आहे, फक्त इथं नाही. माझा नवरा म्हणजे बियाण्याचं पोतं का गं? कपाट गेलं. खिडकी गेली, भिंत सपाट. आजोबांचं नाव सांग म्हणते, टाईप करून परत आणते. सख्ख्या आज्याचं नाव हिला आठवत नाही! कोठारात राहिलेल्याचं नाव आठवतच नाही म्हणे. मला आठवतं, पण जिभेवर येईना. थोबाडीत देणार होते. रडायला लागली.

१० फेब्रुवारी
बाहेर गल्ली नाही. पांढरं नुसतं — लाज गेली खड्ड्यात. बोलले. रेवजी. रेवजी! सोनमने घाईत तेवढंच टाईप — मी ओरडले, थांब, आमची नावं पण टाक, नाहीतर आधीचं रद्द —

आला. जमिनीवर बसलाय. खाट नाही. सोनम — सोनम नाही —
माझ्या अंगातून पलीकडे बघतोय. अगं ए, ऐकलंस का, करतोय. मेल्या, तसं नाही. नाव घे. बोटं दिसत नाहीत मला — जन्मात एकदा तरी घे माझं नाव, रमि—