उताऱ्यावरचं मायचं नाव

आबा, भावानं अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेल्या बहिणीसाठी भारी साडी आणली, तर बहिणीनं आधी काय पाहावं, साडीचा काठ की भावाचा चेहरा? मी चेहरा पाहिला. दरवर्षी साडी वहिनी निवडते आणि माय माझ्या हातात देते; यंदा भाऊ स्वतःच पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आला. माय खापरावर मांडा टाकत होती. तो पाटावर बसून म्हणाला, "उद्या जराशी धुळ्याले जाई येऊत. तुमनी दोन्हीसनी सही लागी." कशावर, मी विचारलं. हक्कसोडपत्रावर. म्हणजे तुमच्या शेतातला आपापला हिस्सा मायनं आणि मी त्याच्या नावे सोडायचा. कर्ज काढायला सातबारा उताऱ्यावर एकच नाव बरं पडतं, म्हणाला. कागद आधी वाचते, मी म्हटलं, तशी वहिनी हसली, "आते ताईनी डिग्री आपलावरच चालनी." भाऊ मात्र हसला नाही. "मी कशाले फसाडसू तुले? बठ्ठं आपलंच शे."

सगळं आपलंच, हे वाक्य तुमचं, आबा. मी शाळेत असताना गुरुजी ओट्यावर चहा घेत तुम्हाला समजावत होते, की शेत तुम्ही स्वतःच्या कष्टानं घेतलंय, कुणाला काय ते लिहून ठेवा, साध्या कागदावरही मृत्युपत्र होतं. तुम्ही बशी खाली ठेवून म्हणालात, "जित्ता माणूस मराना कागद कशाले करी? बठ्ठं आपलंच शे." मला तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं. तुमच्यानंतर उताऱ्यावर वारस म्हणून आम्हा तिघांची नावं लागली. त्या मांड्यांच्या धुरात मला तुमचाही संशय आला. तुमचा खरंच सगळ्यांवर विश्वास होता, की काही लिहिलं नाही तर रिवाजानं शेत मुलाकडेच जाईल हे तुम्हाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याच्या नोंदणी कार्यालयात बसलोय. सणाला माहेरी आलेल्या आणखी कुणाच्या तरी दोन बहिणी बाकावर आहेत, दोघी नव्या साड्यांत. मायचा नंबर येतो. साहेब विचारतात, "आजी, सही कशाची करताय, माहीत आहे ना?" माय ठणठणीत आवाजात सांगते, "हो तर. मन्हं नाव लावानं शे उतारावर."

नाव तर केव्हाच लागलेलं होतं, आबा. त्या दिवशी ते काढायचं होतं. साहेबांनी पेन बाजूला ठेवलं. भाऊ म्हणाला, "मी सांगेल व्हतं तिले, ती इसरी गई." असेलही. तो खोटं बोलला असं मी लिहीत नाही, कारण मला माहीत नाही. मी मायचा हात धरला आणि म्हणाले, आज आम्ही दोघी सही करणार नाही. परतीच्या बसमध्ये माय खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. ती खरंच विसरली होती, की साहेबांसमोर मुद्दाम तसं बोलली? मी विचारलं नाही. माझ्या मायचाही मला संशय यावा, याची लाज वाटली, आणि थोडा अभिमानही.

भाऊ तेव्हापासून बोलत नाही. कदाचित त्याला खरंच कर्जच हवं असेल. पण नुसत्या तोंडच्या शब्दावरून ते कळत नाही, म्हणून तुमच्यासारखं काही तोंडी ठेवायचं नाही, असं मी ठरवलं. जळगावला नोकरीवर परतल्यावर साध्या कागदावर माझं मृत्युपत्र लिहिलं. माझा हिस्सा मायला. माझ्याआधी माय गेली, तर भावाच्या लेकीला. ऑफिसातल्या दोघी मैत्रिणींसमोर सही केली, त्यांनी साक्षीच्या सह्या केल्या. एक म्हणाली, "या वयात?" मी म्हटलं, जित्तेपणीच करतात.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. भावाला यातलं काही सांगितलेलं नाही. आणि मृत्युपत्रावर सही करताना मी त्यानंच आणलेली साडी नेसले होते.