काठीच गेली तळ्यात

तीर्थरूप बाबा,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, जेवते वेळेवर. तुमचा खांदा कसा आहे? आई शेकून देते ना?

रविवारी आम्ही कारखान्यातले सगळे तळ्यावर गेलो होतो. मुकादमांनी त्यांची गळाची काठी माझ्या हातात दिली. मी तोऱ्यात कंबर वळवली, तुम्ही होडीतून जाळं फेकता तशी, आणि दोन्ही हात सोडले. काठीच गेली तळ्यात! सगळे पोट धरून हसले.

"असं फेकायला कुणी शिकवलं गं?" मुकादमांनी विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणाले.

काठी लगेच सापडली, बाबा. तुमचं नाव मात्र अजून घशात अडकलंय.

खांदा सांभाळा.

तुम्हीच शिकवलेली,
तुमची धाकटी